संरक्षित सायकलमार्ग : रक्षण कोणाचे आणि कोठवर?

शहरातील हमरस्त्यांवर सायकलींसाठी कठडा किंवा उंचवटा घालून मोटारींपासून अलग केलेला मार्ग असावा की नसावा, याची चर्चा आपल्याकडे गेली काही वर्षे चालू आहे. या वादात बहुधा दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, असा मार्ग बांधला की सायकलस्वार निर्भय झाला. दुसरा म्हणतो, आपल्या शहरांत असले मार्ग कोणी वापरीत नाही, ते मोटारी उभ्या करण्याच्याच कामी येतात. सबब त्यांवर खर्च करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. दोन्ही पक्ष आवेशाने बोलतात आणि दोहोंच्या बोलण्यात सत्याचा अंश आहे. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर ते देऊ पाहतात तो प्रश्नच अर्धवट मांडला गेला आहे, असे आम्हांस वाटते. मार्ग सुरक्षित आहे काय, एवढे विचारून भागत नाही. तो कोणास सुरक्षित आहे, कोठवर सुरक्षित आहे, आणि ज्यास खरोखर प्राणभय आहे तो मनुष्य त्या मार्गापर्यंत पोचू शकतो काय, हेही विचारावयास हवे. मुंबईच्या उपनगरांत गेल्या पंधरा वर्षांत या दिशेने जे प्रयत्न झाले, त्यांचे परीक्षण या कसोटीवर करण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य साहित्य शिकविण्यात गेले. तेव्हा या विषयात आम्ही तोंड का घालावे, अशी शंका कोणी काढील. तिला उत्तर एवढेच की, रस्ता हा ग्रंथाप्रमाणेच सर्वांसाठी असतो, आणि तो ज्यांच्यासाठी केला त्यांस तो उपयोगी पडतो की नाही हे पाहण्याचा अधिकार कारागिराइतकाच वापरणाऱ्यासही आहे.

(१)

प्रथम सायकलस्वार कोण, याचा निश्चय केला पाहिजे. कारण या बाबतीत आपल्या मध्यमवर्गाच्या मनात एक भ्रामक चित्र ठसलेले आहे. सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रविवारी पहाटे डोक्यावर शिरस्त्राण घालून, महागड्या हलक्या सायकलीवरून व्यायामास निघालेला तरुण उभा राहतो. तो खोटा नाही. त्यास आमचा विरोधही नाही. परंतु मुलुंड, घाटकोपर, अंधेरी वा बोरिवली यांपैकी कोणत्याही नाक्यावर पहाटे पाचपासून नवापर्यंत उभे राहावे आणि कोण जातो हे मोजावे. हँडलला व मागच्या कॅरिअरला भल्या मोठ्या थैल्या बांधून पोंपों वाजवीत जाणारा पाववाला, स्टीलचे मोठे पातेले मागे बांधलेला इडलीवाला, दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा वाहणारा भय्या, वर्तमानपत्रे टाकणारा पोरगा, रात्रपाळी संपवून घरी निघालेला इमारतीचा रखवालदार, दोन्ही बाजूंस गॅसची सिलिंडरे लटकवून चाललेला मजूर, आणि थोड्या वेळाने स्थानकाकडे निघालेले डबेवाले, हे सारे सायकलीवरच असतात. यांपैकी कोणी हवापालट करावयास निघालेला नाही. सायकल ही त्यांची हौस नसून हत्यार आहे. सुताराचा रंधा असतो तसे.

हा मनुष्य कोणत्या रस्त्याने जातो? ज्या रस्त्यावर गिऱ्हाईक, दुकान, स्थानक आणि वस्ती असते त्याच रस्त्याने. पश्चिमेकडील उपनगरांत तो स्वामी विवेकानंद मार्ग, ज्याला जुने लोक अजून घोडबंदर रोड म्हणतात. पूर्वेकडे तो लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे पूर्वीचा आग्रा रोड. शीव-कुर्ल्यापासून घाटकोपर, भांडुप, मुलुंड करीत ठाण्याकडे जाणारा हा रस्ता बस, ट्रक, रिक्षा, टँकर आणि आता मेट्रोचे खांब यांनी इतका भरलेला असतो की, त्याच्या डाव्या कडेस उरलेल्या हात-दीड हात जागेत सायकलस्वार कसाबसा जीव मुठीत धरून चालतो. त्या जागेतही कोठे गटाराची जाळी, कोठे पावसाळ्यात निसरडे झालेले पेव्हर ब्लॉक, कोठे अचानक दार उघडणारी उभी मोटार. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,०००हून अधिक माणसे मेली. त्यांत ४,८००हून अधिक सायकलस्वार होते. आकडा एकंदरीच्या मानाने लहान दिसतो खरा. पण ज्याच्या घरी मिळवता हात तोच होता, त्या घरास तो लहान नाही.

(२)

आता सायकलींच्या वेगळ्या मार्गाने रक्षण होते की नाही, हा मूळ मुद्दा घेऊ. हा वाद आजचा नाही व आपला एकट्याचाही नाही. विलायतेत १९३४ सालच्या डिसेंबरात लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यू या रस्त्याला लागून सुमारे अडीच मैलांचा सायकलमार्ग तेव्हाचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी खुला केला. त्यास विरोध कोणी केला? मोटारवाल्यांनी नव्हे; सायकलस्वारांच्या संघटनांनीच केला. त्यांचे म्हणणे असे की, आज आम्हांस वेगळा मार्ग देता, उद्या मुख्य रस्त्यावरून हाकलून लावाल. पुढे अमेरिकेत जॉन फॉरेस्टर यांनी हाच पक्ष अधिक शास्त्रीय वेष देऊन मांडला. सायकल हेही एक वाहन आहे. तिने मोटारीप्रमाणेच रस्त्याच्या मध्ये, नियमाने, सर्वांस दिसेल असे चालावे. वेगळा मार्ग सायकलस्वारास चौकापर्यंत लपवून ठेवतो आणि चौकात एकाएकी मोटारीपुढे आणून सोडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सायकलमार्गांचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या कोपनहेगन शहरात योन्सेन नामक संशोधकाने मार्ग बांधण्यापूर्वीची व नंतरची स्थिती ताडून पाहिली. त्यात असे आढळले की, मार्ग झाल्यावर सायकलींची वर्दळ सुमारे १८ ते २० टक्क्यांनी वाढली आणि दोन चौकांमधल्या सरळ रस्त्यावरील अपघात कमी झाले. पण चौकांतील अपघात वाढले, आणि एकंदर बेरीज सुमारे ९ ते १० टक्क्यांनी वरच गेली. यामागे एक कारण असे दिसले की, ज्या रस्त्यावर सायकलमार्ग करून मोटारी उभ्या करण्यास बंदी केली, तेथे मोटारी जागा शोधीत आडरस्त्यांकडे वळू लागल्या, आणि प्रत्येक वळण सायकलमार्गास छेदून जाऊ लागले.

उलट बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. कॅनडातील माँट्रियल शहरात वेगळ्या केलेल्या सहा मार्गांची तुलना शेजारच्या तशाच, पण मार्ग नसलेल्या रस्त्यांशी केली असता इजेचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी भरला. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी टोरोंटो व व्हँकूव्हर येथील ६९० जखमी सायकलस्वारांच्या अपघातस्थळांवरून असे निघाले की, कडेस मोटारी उभ्या असलेल्या मोठ्या रस्त्याच्या मानाने वेगळ्या सायकलमार्गावरील धोका नवमांश इतकाच आहे.

मग खरे काय मानावे? आमच्या मते दोन्ही खरे आहे, आणि दोहोंत विरोध नाही. पाठीमागून येणाऱ्या मोटारीपासून कठडा वाचवितो, यात संशय घेण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख अवतार सैनी हे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर पहाटे सायकलने जात असता मागून आलेल्या टॅक्सीने त्यांस ठोकरले व त्यांत त्यांचा अंत झाला. रस्ता रुंद होता, स्वार अनुभवी होता, सोबत मंडळी होती. रस्त्यावर नियमाने व सर्वांस दिसेल असे चाला, हा फॉरेस्टरपंथाचा उपदेश तेथे काय कामाचा? मोटार चालविणारा पाहतच नसेल तर दिसण्याचा उपयोग नाही. तेथे कठडाच हवा. पण हाच कठडा चौकापाशी संपला आणि पुढे काहीच केले नाही, तर मधल्या रस्त्यावर टळलेला धोका चौकात वाट पाहत उभा असतो. म्हणजे संरक्षित मार्गाची किंमत तो जेथे अखंड आहे त्या भागावरून न करता, जेथे तो तुटतो त्या जागेवरून करावयाची. दोराची ताकद त्याच्या सर्वांत जीर्ण पेडाइतकीच असते.

(३)

या कसोटीवर आता आपल्या उपनगरांतील प्रयोग पाहू.

पहिला वांद्रे-कुर्ला संकुलातील. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०११च्या सुमारास तेथील रुंद रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग बांधला. तो आम्ही प्रथम पाहिला तेव्हा आम्हांस आनंद झाला होता, हे आम्ही लपवीत नाही. आपल्या शहरालाही शहाणपण सुचले असे वाटले. परंतु तो आनंद उतावळा ठरला. संकुलात रोज येणारे सहस्रावधी लोक वांद्रे किंवा कुर्ला या स्थानकांवर उतरतात. तेथून संकुलापर्यंतचा रस्ता हाच खरा अरुंद, गर्दीचा व जिवावरचा. आणि नेमका तोच या योजनेच्या बाहेर राहिला. सायकलमार्ग होता तो आतल्या आत, कचेऱ्यांच्या दारांवरून फिरणारा. ज्याने स्थानकावरून यावे त्यास तो मिळत नाही, आणि जो संकुलात मोटारीने येऊन पोचला त्यास सायकलीची गरज उरत नाही. साहजिकच तेथे मोटारी उभ्या राहू लागल्या. मग २०२५ साली प्राधिकरणाने ठरविले की, मार्ग वापरात नाही, वाहतुकीची कोंडी मात्र वाढली आहे, तेव्हा सायकलमार्ग काढून ती जागा मोटारींच्या मार्गिकेस द्यावी.

या निर्णयातील तर्क बारकाईने पाहण्याजोगा आहे. विहिरीत सोडलेला दोर पाण्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कोणी पाणी काढीत नाही. आणि कोणी पाणी काढीत नाही, म्हणून या गावास पाण्याची गरज नाही असे ठरवून विहीरच बुजवावयाची! दोर आखूड केला कोणी, हे मात्र कोणी विचारावयाचे नाही. वापर नाही हा दोष मार्गाच्या कल्पनेवर लादण्यापूर्वी तो रचनेचा आहे काय, हे पाहणे न्यायाचे झाले असते.

दुसरा प्रयोग तानसा जलवाहिनीच्या कडेचा. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस येत आहे. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या भागांतून जाणाऱ्या त्या अवाढव्य निळ्या नळांच्या बाजूने सुमारे ३९ किलोमीटरांचा सायकलमार्ग करण्याची योजना महानगरपालिकेने जाहीर केली. कल्पना दिसावयास रम्य : मोटार नाही, धूर नाही, चौक जवळजवळ नाहीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने यापरते काय हवे? काही तुकडे तयारही झाले. सलग मार्ग मात्र झाला नाही.

परंतु त्या मोकळ्या जागेस एक इतिहास आहे आणि तो सांगितल्याविना पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. नळांच्या दोन्ही बाजूंस १० मीटरपर्यंतची वस्ती उच्च न्यायालयाच्या आदेशाने उठविण्यात आली. ती सायकलींसाठी उठविली नव्हती, शहराच्या पाण्याच्या सुरक्षिततेसाठी उठविली होती. रिकाम्या झालेल्या जागेवर पुन्हा वस्ती होऊ नये म्हणून तिचा काही उपयोग करावा, या विचारातून सायकलमार्ग पुढे आला. हे ध्यानात ठेवूनच बोलले पाहिजे. पण उठविलेल्या कुटुंबांपैकी अनेकांस चेंबूरजवळ माहुल येथे, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांच्या शेजारी घरे देण्यात आली. तेथील हवा राहण्यास योग्य नाही अशी त्यांची तक्रार न्यायालयापर्यंत गेली, आणि २०१९ साली न्यायालयाने त्यांस अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्यास सरकारास सांगितले. या वस्तीतील कित्येक माणसे घाटकोपर-मुलुंडच्या परिसरातच कष्ट करणारी. त्यांतील कित्येकांचे वाहन सायकल हेच असणार. म्हणजे ज्याला सायकलमार्गाची निकड होती तो मनुष्य तेथून दूर गेला, आणि त्याच्या जागी सायकलमार्ग आला. हा दैवदुर्विलास कोणी मुद्दाम रचला असे आम्ही म्हणत नाही. पण जी सुरक्षितता रस्त्यावरील जीवनच बाजूला सारून मिळते तिला रस्त्याची सुरक्षितता म्हणावे काय, ही शंका मनातून जात नाही.

तिसरा प्रयोग पवईचा. तलावाच्या काठाने सायकल व चालणाऱ्यांसाठी मार्ग करण्याचे काम महानगरपालिकेने २०२१ साली हाती घेतले. हा तलाव पाणथळ भूमी असल्याने तेथे कायम स्वरूपाचे बांधकाम नियमबाह्य आहे, असे म्हणून काही विद्यार्थी व नागरिक न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे बांधकाम बेकायदेशीर ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. येथे पर्यावरणप्रेमी विरुद्ध सायकलप्रेमी असा देखावा उभा राहिला, तो दुर्दैवी होय. वास्तविक पवईचा सायकलस्वार मरतो तो तलावाच्या पाण्यात नव्हे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर अवजड ट्रकांमध्ये त्याची गाठ मृत्यूशी पडते. मार्ग त्या रस्त्यावर हवा होता.

तिन्ही प्रयोग जवळजवळ ठेवून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. तिन्ही ठिकाणी मार्ग तेथे काढला जेथे तो काढणे सोपे होते : नव्या संकुलाच्या रुंद रस्त्यांवर, रिकाम्या केलेल्या नळाच्या कडेस, तलावाच्या काठी. मोटारीची एक वीतभर जागाही कोठे कमी करावी लागली नाही. ज्या लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा स्वामी विवेकानंद मार्गावर पाववाला रोज जिवाशी खेळतो, त्या रस्त्यांस मात्र कोणी हात लावला नाही.

(४)

आमच्या महाविद्यालयात एक शिपाई आहेत. पन्नाशीच्या आसपासचे, भांडुपहून मुलुंडास रोज सायकलीने येणारे. सकाळी महाविद्यालयात येण्यापूर्वी ते दोन-तीन दुकानांचे सामान पोचवितात. त्यांस आम्ही एकदा विचारले, "अहो, तुम्ही नळाकडेच्या रस्त्याने का येत नाही? तेथे मोटारींची भीती नाही."

ते म्हणाले, "सर, रस्ता चांगला आहे. पण त्यावर चढायचं कुठं आणि उतरायचं कुठं? चढायला आधी हमरस्ता ओलांडायचा, उतरलो की पुन्हा हमरस्ताच. मधल्या मधे जीव वाचवून काय करू?"

परदेशी संशोधकांच्या कोष्टकांतून आम्ही जे शोधीत होतो ते या गृहस्थांनी चार वाक्यांत सांगितले. आणि त्यांनी न सांगितलेला दुसरा भाग असा की, त्यांची दुकाने नळाकडेस नाहीत.

तेव्हा हमरस्त्यावर मार्ग करावयाचा झाल्यास रक्षण कशात आहे? आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणून खरा घात होतो तो डावीकडे वळणाऱ्या मोटारीने. सरळ जाणारा सायकलस्वार तिच्या डाव्या अंगास असतो, चालकाचे लक्ष उजवीकडून येणाऱ्या वाहनांकडे असते, आणि चौकाचा कोपरा गोलाकार व प्रशस्त ठेवलेला असल्याने तो वेग कमी न करता वळतो. यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. कोपरा आखूड व काटकोनाजवळचा करावा, म्हणजे वळताना मोटारीस मंद व्हावेच लागते. आडरस्ता ओलांडताना सायकलमार्ग एका मोटारीच्या लांबीएवढा आत सरकवावा, म्हणजे वळून झालेली मोटार सायकलस्वारास समोर पाहील. ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीवर आणावी, म्हणजे उंचवटा मोटारीस लागेल, सायकलीस नव्हे. मोठ्या चौकांत सायकलींस सिग्नलचा निराळा अवसर द्यावा. बसथांब्यापाशी मार्ग थांब्याच्या मागून न्यावा, नाही तर बस आणि सायकल दर पावशे यार्डांवर एकमेकींस आडव्या येतील.

याखेरीज काही गोष्टी खास आपल्या आहेत, ज्या युरोपच्या पुस्तकांत मिळावयाच्या नाहीत. आपल्या सायकलमार्गाचा मुख्य शत्रू मोटार नसून मोटारसायकल आहे. कोंडी झाली की ती प्रथम पदपथावर व मग सायकलमार्गावर चढते. तिला अडविण्यासाठी खांब इतके जवळ लावले की पाववाल्याच्या थैल्याही आत शिराव्या नाहीत, तर रोगापेक्षा औषध वाईट. दुसरे असे की, ज्या रस्त्याचा पदपथ फेरीवाले, दुकानांच्या पायऱ्या आणि खोदकाम यांनी व्यापलेला आहे, तेथील पादचारी सायकलमार्गावर येणारच, आणि त्यास दोष देता येणार नाही. आधी पदपथ मोकळा, मग सायकलमार्ग सुरक्षित. हा क्रम बदलता येत नाही. तिसरे, गटारांच्या जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर सायकलीचे चाक त्यांत अडकते. त्या आडव्या बसविण्यास कोणत्याही मोठ्या योजनेची गरज नाही. आणि चौथे, पावसाळ्याचे चार महिने ज्यावर पाणी साचते तो मार्ग वर्षातून आठच महिने संरक्षित म्हणावयाचा.

(५)

आता विरुद्ध पक्षाचे आक्षेप. पहिला असा की, उपनगरांचे रस्ते मुळात अरुंद. त्यांत जागा आणावी कोठून? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मान्य न करता बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्याच अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंस दिवसभर उभ्या असणाऱ्या खाजगी मोटारींस जागा मिळते, ती कोठून येते? चालत्या माणसास जागा नाही आणि उभ्या यंत्रास आहे, हा न्याय आम्हांस समजत नाही. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने तर वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविणे हे ध्येय स्पष्ट शब्दांत स्वीकारले आहे. शिवाय ज्या रस्त्यावर मार्ग खरोखरच मावत नाही, तेथे मोटारींचा वेग ताशी तीस किलोमीटरांपर्यंत खाली आणणे हाही रक्षणाचाच प्रकार आहे, आणि त्यास कठड्याचा खर्चही लागत नाही.

दुसरा आक्षेप संख्येचा : सायकली आहेतच किती? याचे उत्तर आमच्याच देशातील अभियंत्यांनी फार पूर्वी दिलेले आहे. भारतीय रस्ते परिषदेने १९६२ साली सायकलमार्गांविषयी जे प्रमाण घालून दिले त्यात म्हटले आहे की, गर्दीच्या तासास मोटारी २००हून अधिक असतील तर त्या तासात केवळ १०० सायकली जात असल्या तरी वेगळा मार्ग समर्थनीय ठरतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर २०० मोटारी मोजावयास तास लागणार नाही. पहाटेच्या वेळी १०० सायकली कोणत्या पट्ट्यांत भरतात हे पाहावयास महानगरपालिकेने माणूस बसवावा. पण तो सकाळी अकरा वाजता कचेरी उघडल्यावर बसवू नये, एवढीच विनंती.

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर. तेथे बसच्या जलद मार्गांबरोबर सायकलमार्ग झाले, २०१७ साली ८२४ किलोमीटरांच्या मार्गांचा आराखडाही मंजूर झाला; तरी तेथील रस्ते आज स्वयंचलित दुचाक्यांच्याच ताब्यात आहेत. यावरून योजना कागदावर करणे निष्फळ, असे अनुमान काढता येईल, आणि ते आम्ही काढू देतो. परंतु सायकलमार्ग निष्फळ, हे अनुमान त्यातून निघत नाही. तुटक मार्ग कितीही लांब केला तरी तो तुटकच. पुण्याने शिकविलेला धडा लांबीविषयीचा नसून सलगतेविषयीचा आहे.

(६)

हॉलंड देशाचा दाखला आपल्याकडे वारंवार देतात व लगेच म्हणतात की, ते लोकच निराळे. पण १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती, हे फारसे कोणी सांगत नाही. तेव्हा तेथेही रस्ते मोटारींसाठी रुंद होत होते आणि सायकल मागासलेपणाचे लक्षण ठरत होते. १९७२ साली फिक लांगेनहॉफ या पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी अशा अपघातात गेली होती, मुलांची ही हत्या थांबवा असा टाहो फोडला. आईबाप रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी तेलाची टंचाई आली आणि राज्यकर्त्यांस ऐकणे भाग पडले. तेथील मार्ग रम्य जागा शोधून झाले नाहीत. माणसे जेथे मरत होती तेथे ते झाले. आमच्या मते हाच त्या देशाचा खरा धडा होय. ट्युलिपच्या शेतांमधून जाणाऱ्या सायकलींची चित्रे नव्हे.

आपल्या उपनगरांत मरणाऱ्या सायकलस्वारासाठी टाहो फोडणारा पत्रकार अद्याप पुढे आलेला नाही, कारण मरणारा बहुधा वर्तमानपत्र वाचणारा नसून ते घरोघर टाकणारा असतो. म्हणून हे काम वाचणाऱ्यांनी अंगावर घेतले पाहिजे. आपल्या दारात सकाळी सहाच्या आत पाव, दूध आणि वर्तमानपत्र येते. ते कोणत्या रस्त्याने आले याचा विचार आपण करीत नाही. नव्या सायकलमार्गाचे उद्घाटन होईल तेव्हा त्याची लांबी व त्यावरील झाडे पाहून संतोष मानण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच विचारावे की, हा मार्ग आमच्या पाववाल्याच्या वाटेवर आहे काय, आणि तो चौकात त्यास सोडून तर देत नाही ना? या दोन प्रश्नांस होकार मिळेल तो मार्ग, मग तो अर्ध्या मैलाचा का असेना, संरक्षित या विशेषणास पात्र होईल. ज्यास मिळणार नाही तो कितीही मैल लांब असला तरी शोभेचा होय. आणि शोभेच्या वस्तू शहरे अडचणीच्या वेळी प्रथम मोडून काढतात, हे वांद्रे-कुर्ला संकुलाने आपणांस दाखवून दिलेच आहे.